आंबा कोण उतरवणार

उलव्याच्या सोसायटीत शहाजीला कुणी मुकादम म्हणत नाही. वॉचमन काका म्हणतो, सून बाबा म्हणते, लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी नुसतंच हसल्यासारखं करतात. संध्याकाळी तो गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. नव्या विमानतळावरून उठलेली विमानं इमारतींच्या डोक्यांवरून जातात आणि त्यांचा आवाज मागून, उशिरा पोचतो. मान वर करून बघायला त्याला जमत नाही. उभा जन्म डोक्यावर ओझं वाहिलेल्या माणसाची मान फक्त समोर बघते. म्हणून तो विमानाची सावली बघतो. समोरच्या पिवळ्या भिंतीवरून ती झरकन सरकते, आणि आतून त्याची बायको वेणूबाई विचारते, "गेलं का?"

"गेलं," तो सांगतो.

एप्रिल लागला, खालच्या दुकानात पेट्या आल्या, आणि आंब्याखालच्या गवताचा तो सुका गोड वास जिन्यातून वर चढला, की त्याला हंगाम आठवतो. आंब्याचा नव्हे, फुटबॉलचा. खरं तर दोन्ही एकाच वेळी आले, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

शहाजी मूळचा पाटण खोऱ्यातला. मिसरूड फुटायच्या वयात वाशीच्या फळबाजारात आला, एका टोळीत शिरला आणि वयाप्रमाणे, शहाणपणाप्रमाणे तिचा मुकादम झाला. टोळी म्हणजे गाड्या उतरवणाऱ्या माथाड्यांचा गट. गाडी आली की कुणी उतरवायचं, कुणी बसायचं, हे मुकादम ठरवतो. पण शहाजीनं ते स्वतःच्या हातात ठेवलं नव्हतं. त्याच्या टोळीत पाळी होती. ज्याची पाळी, त्याचा डाग, म्हणजे उचलायचा नग; मग तो डाग फुलासारखा असो की धोंड्यासारखा. लाडका-दोडका नाही. आणि पाळीच्या पोटात आणखी एक नियम होता. एखाद्याला आपला डाग झेपेना, तर त्यानं मुकादमाकडं बघून 'जड हाय' एवढंच म्हणायचं. मुकादमानं का म्हणून विचारायचं नाही. पुढं व्हायचं आणि स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा.

नियम चांगला होता, पण कुणी वापरत नव्हतं. एकानंही कधी 'जड हाय' म्हटलं नाही. म्हणायची लाज वाटायची. आणि सगळ्यांत जास्त लाज पंढरीला. पंढरी शहाजीच्या शेजारच्या गावचा, अंगानं आडवा, बोलायला उभा. आंब्याचा व्यापारी दिनानाथशेठ, त्याची लोखंडी तिजोरी एकदा एका गाळ्यातून दुसऱ्यात न्यायची होती आणि पाळी पंढरीची आली. मध्येच त्याच्या नाकातून रक्त ओघळलं. शहाजी शेजारून चालत होता. म्हणाला, "पंढ्या, जड हाय का रं?"

"कशाचं जड," पंढरी दातांतून म्हणाला. "रिकामी हाय."

रिकामी नव्हती. पुढं तो पंधरवडाभर अंथरुणावर होता, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "उष्म्यानं झालं."

अशा माणसांच्यात फुटबॉल कुठून आला, असं बाजारातले लोक विचारायचे. कबड्डी असती तर समजलं असतं. आला तो अननसाबरोबर. केरळातून अननसाचे ट्रक यायचे, उतरायला वेळ लागायचा, तोवर ते ड्रायव्हर-क्लीनर ट्रक टर्मिनलच्या मागच्या मोकळ्या जागेत लुंग्या वर खोचून चेंडू खेळायचे. एका दुपारी चेंडू उडून शहाजीच्या दिशेनं आला. त्याचे हात डोक्यावरची कापडाची चुंबळ नीट करण्यात गुंतले होते. त्यानं डोकं पुढं केलं. चेंडू असा परत गेला की ते लोक खेळायचे थांबले आणि त्याच्याकडं बघत राहिले. एक म्हातारा ड्रायव्हर जवळ आला, त्यानं शहाजीच्या मानेला हात लावून बघितलं, आणि आपल्या माणसांना काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते शहाजीला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याला खेळात घेतलं गेलं. मग पंढरी आला, मग शहाजीचा पुतण्या शिवतेज, मग अर्धी टोळी.

पुढं मंडळ काढलं. गावच्या देवाच्या नावानं, भैरवनाथ क्रीडा मंडळ. दिनानाथशेठनं केशरी जर्सी दिल्या. "आंब्याचा रंग आहे, मळला तरी समजायचा नाही," तो म्हणाला. मंडळ शहराच्या लीगमध्ये खालच्या गटात खेळायला लागलं. खालच्या गटाचे सामने पावसाच्या शेवटाला सुरू होऊन दिवाळीला संपायचे. बाजाराला तेव्हा जरा उसंत असते. मैदान चिखलाचं, चिखलात चेंडू सरपटत नाही, उचलून मारावा लागतो, आणि उचललेला चेंडू म्हणजे भैरवनाथचा. त्या मानांपुढं कोण टिकणार? पेट्या वाहून घट्ट झालेली ती डोकी चेंडूला असा ठोसा द्यायची की गोलकीपर बाजूला व्हायचे. वरच्या गटात जायला शेवटचा सामना जिंकायचा होता, तोही शहाजीनं डोक्यानं जिंकला. त्या रात्री त्याच्या कपाळावर चेंडूच्या शिवणीचा वळ होता आणि वेणूबाईनं हळद लावायला घेतली तर त्यानं लावू दिली नाही. राहू दे म्हणाला.

मग लीगचा कागद आला. वरच्या गटातल्या संघांची नावं वाचता वाचता टोळी हरखून गेली. कंपन्यांचे संघ, कॉलेजांचे संघ, ज्यांचे खेळाडू पुढं मोठ्या क्लबांत जातात असे संघ. खारघरला हिरवळीचं मैदान. शिवतेजनं वाचलं, "फेब्रुवारी ते मे." सगळ्यांनी माना डोलावल्या. चिखल नसणार, चांगलं झालं.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. कारण त्यांच्या अंगात फेब्रुवारी-मार्च नव्हतेच. त्यांचं वर्ष संत्र्याचं, द्राक्षाचं, कलिंगडाचं, आंब्याचं. कागदावरचे महिने त्यांनी कानांनी ऐकले, अंगानं ऐकले नाहीत. शहाजीनं घरी येऊन वेणूबाईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आन् मग आंबा कोन उतरवनार?"

भाकरी फुगली, तिनं काढली, दुसरी टाकली.

हापूसच्या दिवसांत फळबाजार म्हणजे काय असतं, ते न बघितलेल्याला सांगून उपयोग नाही. देवगडच्या, रत्नागिरीच्या गाड्या पहाटे लागतात आणि रांग संपतच नाही. माणूस बसत नाही, बसला तर उठत नाही. शहाजीनं टोळी बसवून निकाल दिला, की सामनेही पाळीनं. जो पहाटेच्या गाड्यांवर असेल तो दुपारी मोकळा, आणि जो मोकळा तो खेळायला. म्हणजे संघ पायांवर ठरणार नाही, पाळीवर ठरणार. प्रत्येक सामन्याला वेगळे अकरा. गोलकीपरही वेगळा. पेनल्टी मिळालीच तर तिलाही खालच्या गटापासून पाळीच होती. मागची शिवतेजनं मारली होती, पुढची पंढरीची.

"आणि मुकादमाची पाळी?" पंढरीनं विचारलं.

"मुकादमाला पाळी नसती," शहाजी म्हणाला. "मुकादम गाडीपाशी."

हे म्हणताना त्याला वाईट वाटलं असेल, असं टोळीतल्या कुणाच्या मनात आलं नाही. त्यानं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पण ज्या माणसानं मंडळ वर नेलं, त्याला एकदा तरी वर खेळायचं होतं. जिंकायचं नव्हतं. त्या हिरवळीवर उभं राहायचं होतं, आणि जमलं तर एक गोल. वेणूबाईला हे माहीत होतं, कारण ती त्याचे बूट दर रविवारी पुसून ठेवायची, आणि पुढच्या रविवारी ते तितकेच स्वच्छ असायचे.

पहिला सामना आठ-शून्य गेला. संध्याकाळी माणसं टेम्पोतून परत आली, शहाजी गाडीच्या फळीपाशी उभा होता. एकेकजण खाली उतरला. शेवटी शिवतेज म्हणाला, "काका, चेंडू वर येतच नाय. गुडघ्याच्या खालीच फिरवतात. आपन डोकी घेऊन उभे."

दुसरा सहा-शून्य. तिसऱ्यात एकजण बचावाला उभा राहिला आणि उभ्या उभ्या झोपला. प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूनं गेला तेव्हा त्याला जागही आली नाही. चौथ्यात समोरचा खेळाडू पाय घसरून पडला तर आपले दोघे त्याला उचलायला धावले. बाजारात कुणी पडला की आधी उचलायचं, मग बाकीचं. ते उचलत होते तोवर गोल झाला. पंच म्हणाला, असला संघ बघितला नाही. वाईट अर्थानं म्हणाला नसेल.

सामने येत गेले, जात गेले, भैरवनाथचा गोल काही झाला नाही. शहाजी रोज फळीपाशी उभा राहून आकडा ऐकायचा आणि पुढच्या गाडीकडं वळायचा. कधी कधी गाड्यांच्या मधल्या पाच मिनिटांत तो एखादा सडका आंबा बुटाच्या टोकानं भिंतीवर मारायचा. तेवढंच.

मार्चच्या शेवटाला दिनानाथशेठनं त्याला गाळ्यात बोलावलं. शेठ मालवणचा, बाजारात मुरलेला. म्हणाला, "मुकादम, बदनामी होतेय. जर्सीवर माझं नाव आहे. मी नेरूळच्या कॉलेजातली पाच-सहा पोरं आणतो. तुमच्या नावावर खेळतील. वरच्या गटात राहाल तरी."

"आमची मानसं?"

"बाकावर बसतील ना. तेवढाच आराम."

शहाजी खाली वाकला. गवताची काडी बुटाला चिकटली होती ती त्यानं काढली. "शेठ, पाळी मोडायची तर मी सोताला मोडली असती," तो म्हणाला. "उद्या जायचंच हाय खाली. पन आपल्या पायानं जाऊ."

शेठला पहिलं वाक्य लगेच कळलं नाही. घरी गेल्यावर कळलं असावं. कारण मे महिना सरत आला, हापूसची आवक ओसरली, मंडळ खाली जाणार हे कधीच ठरून गेलं, आणि शेवटच्या सामन्याच्या दिवशी दुपारी शेठ पांढरा शर्ट कोपरापर्यंत सारून थेट गाडीपाशी आला.

"व्हा बाजूला," तो शहाजीला म्हणाला. "आज मी उभा राहतो."

"शेठ, तुमाला जमायचं न्हाई."

"तुम्हाला तिथं जमणार आहे का? मग मलाच का जमलं पाहिजे? जावा."

शहाजीनं टोळीकडं बघितलं. सगळे इकडं तिकडं बघत होते. पंढरी चुंबळ झटकत होता, गरज नसताना. टेम्पोत वेणूबाई आधीच बसली होती, मांडीवर बुटांची पिशवी.

हिरवळ त्यानं आधी हातानं बघितली. वाकला, तळवा टेकला. भिजट, थंड, मऊ. त्या दिवशी पंढरीची पाळी गोलमध्ये होती. समोर एका मोठ्या कॉलेजचा संघ, उंच, गोरटेले, एकसारखे केस कापलेले मुलगे. ते चेंडू असा फिरवायचे की जणू जमिनीवर दोरा टाकत जातायत. शहाजी पळाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस जेवढा पळेल तेवढा पळाला. दोनदा पडला. एकदा चेंडू चुकून उंच उडाला आणि त्यानं मान लावली. तो आवाज मैदानभर ऐकू गेला, आणि ते मुलगे एकमेकांकडं बघून हसले, पण ते हसू चांगलं होतं. मध्यंतराला चार-शून्य, मग पाच, मग सहा.

खेळ संपत आला तेव्हा शिवतेज एकटा घुसला आणि चौकोनात त्याला पाडलं. पंचानं ठिपक्याकडं बोट केलं. साऱ्या हंगामातली पहिली पेनल्टी.

शिवतेजनं चेंडू उचलला आणि काकाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हात पुढं करायचा, एवढंच होतं. कुणी नाही म्हटलं नसतं.

"कुनाची पाळी?" त्यानं विचारलं.

शिवतेजनं चेंडू तसाच त्याच्यापुढं धरला.

"पंढरीची," तो स्वतःच म्हणाला. "बोलवा त्याला."

पंढरी पार पलीकडच्या गोलमधून निघाला. सगळं मैदान ओलांडून यायचं होतं, आणि तो धावला नाही. डाग उचलायला जाताना जसा चालायचा तसा, हात जरा फाकवून, जमीन बघत आला. कॉलेजचे मुलगे कमरेवर हात ठेवून थांबले. पंचानं घड्याळ बघितलं. पंढरीनं चेंडू ठिपक्यावर ठेवला. मागं सरला. मग परत पुढं आला, खाली वाकला, दोन्ही हातांनी चेंडू उचलला, छातीपाशी धरला, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मुकादम. जड हाय."

कुणी हसलं नाही. टोळीतल्या माणसांना हसायला वेळ लागला, कारण ते शब्द त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

शहाजी जवळ गेला. हळू म्हणाला, "पंढ्या, येडा झालास का. चेंडू हाय त्यो."

"इचारायचं न्हाई," पंढरी म्हणाला. "तुमचाच नियम हाय." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिजोरीच्या वेळी झाल्या होत्या तशा.

शहाजीनं चेंडू घेतला. त्याचे हात पंढरीच्या हातांना लागले; पंढरीचे थंड होते.

त्यानं मारला तो अंगठ्यानं. तसं मारायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. गोलकीपर एका बाजूला झेपावला, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला, तोही कसा, दमल्यासारखा घरंगळत. बाजारात अजून सांगतात की जाळी फाटली. जाळीपर्यंत चेंडू पोचलाच नाही. रेषेच्या आत गेला आणि तिथं थांबला, पुढं जायचा कंटाळा आल्यासारखा.

शहाजी वळला तेव्हा त्याला पंढरीची पाठ दिसली. तो पळत होता, आपल्या गोलकडं, कारण खेळ अजून बाकी होता. तरी त्यात आणखी दोन झालेच. आठ-एक.

परत आले तेव्हा शेठचा घसा बसला होता आणि दोन गाड्यांच्या पेट्या एकमेकांत मिसळून ठेवल्या होत्या. "किती?" त्यानं विचारलं.

"आठ-एक," शिवतेज म्हणाला.

"एक कुणाला?"

"आपल्याला. मुकादमांचा."

शेठनं शर्टाची बाही खाली केली, नीट बटण लावलं. "मग चहा माझा," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून पंढरीचं जगणं कठीण झालं. चहाचा ग्लास उचलला की कुणीतरी म्हणायचं, "पंढरीदा, जड हाय का?" चिकूची पाटी, लिंबाची पिशवी, कानावरची पेन्सिल, सगळ्याला तेच. पंढरी म्हणायचा, "हाय ना. धर की तू." आणि हसायचा. पण जूनमध्ये, कलिंगडाच्या शेवटच्या गाडीवर, कंबरेच्या दुखण्यानं बेजार झालेला एकजण पाटीपाशी थांबला आणि मुकादमाकडं बघून खरंच म्हणाला, जड हाय. शहाजीनं पाटी डोक्यावर घेतली. कुणी चिडवलं नाही. त्यानंतर दुसऱ्यानं म्हटलं. मग हळूहळू ते टोळीत रुळलं. ज्या शब्दाची सगळ्यांना लाज होती, त्याची लाज पंढरीनं एकट्यानं आपल्या अंगावर घेऊन टाकली होती.

शहाजीनं त्याला याबद्दल कधी काही म्हटलं नाही. काय म्हणायचं? आभार मानायची रीत त्यांच्यात नव्हती. आणि मंडळ खाली गेलं, मग पुढच्या वर्षी रोगराईत सगळंच बंद पडलं, पोरं गावाला गेली, काही परतली, काही नाही. टर्मिनलच्या मागच्या जागेला जाळी लागली. तिथं आता प्लास्टिकचं गवत आहे आणि तासावर भाडं. शहाजीची मान गेली. डॉक्टरनं ओझं बंद म्हणून सांगितलं, मुलानं उलव्याला फ्लॅट घेतला. टोळीनं नवा मुकादम निवडला तो पंढरी.

यंदा पंढरी आला तो वैशाखाच्या तोंडावर, रविवारी. खालून फोन केला. "मुकादम, लिफ्ट बंद हाय तुमची. पेटी आनलीया."

"थांब, आलो," शहाजी म्हणाला, आणि वेणूबाई नको म्हणेपर्यंत जिन्यात होता.

पंढरीचे केस पांढरे झाले होते. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत चार डझनाची पेटी, सुतळीनं बांधलेली. पंढरी उचलायला वाकला तर शहाजीनं त्याचा हात बाजूला केला. "माझ्या दारात आलायस. मी घेतो."

"मान?"

"मानेला काय धाड भरलीया."

डोक्यावर नाही, पोटापाशी धरून तो चढू लागला. पंढरी मागून. गवताचा वास नाकात भरला. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर शहाजी थांबला. पेटीला वजन असं नव्हतं. असल्या पेट्या तो एकावर एक पाच रचून न्यायचा, वर गप्पा मारत. डोक्यावरून एक विमान गेलं, जिन्याची काच थरथरली. तो आवाज विरेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मागं पंढरीही उभा राहिला. त्यानं हात पुढं केला नाही, की काय झालं म्हणून विचारलं नाही.

शहाजीला मागं वळता येत नव्हतं. तो भिंतीकडं बघूनच बोलला.

"मुकादम," तो म्हणाला. "जड हाय."

पंढरी दोन पायऱ्या चढून वर आला, शेजारी उभा राहिला आणि पेटी घेतली. विचारायचं नव्हतंच. ती त्यानं सरळ डोक्यावर ठेवली, चुंबळीशिवाय, आणि पुढं निघाला.

वरून दार उघडल्याचा आवाज आला. "कोन आलंय वो?" वेणूबाईनं विचारलं.

कठडा धरून शहाजी एकेक पायरी वर येत होता. "मुकादम आलेत," तो म्हणाला. "चहा टाक."